‘ड्रॅगन्स डॉग्मा’बद्दल खेळणाऱ्यांची मतं इतकी टोकाची का, आणि त्यातलं कोणतं धरायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘दादा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मावसभावाचा जुना पीएस४ मला मिळालाय. तलवार घेऊन राक्षसांना झोडपायचं, लेव्हल वाढवायची, असा एखादा दणकट फँटसी आरपीजी हवाय. ‘ड्रॅगन्स डॉग्मा: डार्क अरायझन’ची वापरलेली डिस्क स्वस्तात मिळतेय. पण खेळलेल्यांपैकी अर्धे म्हणतात, अशी मारामारी दुसरीकडे कुठे नाही. उरलेले म्हणतात, चालून चालून जीव जातो, बरोबरचे साथीदार, ते पॉन, डोकं खातात, आठ तासांत डिस्क विकून टाकली. कोणाचं धरू?’

दोघांचंही खरं आहे, आणि तरीही तू तो गेम घे. आता कारणं सांगतो, जरा बैजवार.

मी पुण्यात गेली अकरा वर्षं गेम टेस्टिंगमध्ये आहे. खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचणं हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे. त्यातून एक गोष्ट अंगवळणी पडली. ‘कंटाळा आला’ असं कोणी म्हणतं तेव्हा त्याला खरंच कंटाळा आलेला असतो. पण तो कशाने आला हे त्याला सांगता येईलच असं नाही. ताप आलाय हे पेशंट सांगतो, कशाचा आहे ते डॉक्टरने शोधायचं असतं. ‘ड्रॅगन्स डॉग्मा’वरचं कुठलंही मत वाचताना मी आधी बघतो की या माणसाने कोणती आवृत्ती खेळली, कोणत्या व्होकेशनने, म्हणजे पात्राच्या कोणत्या लढाऊ पेशाने, खेळली आणि किती तास खेळली. हे कळलं की एकमेकांच्या विरोधातली वाटणारी निम्मी मतं आपोआप आपापल्या जागी बसतात.

चालण्याच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण ती सगळ्यात जास्त ऐकू येते.

मूळ गेम कॅपकॉमने मे २०१२ मध्ये पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आणला. त्याच्या अर्धं वर्ष आधी, नोव्हेंबर २०११ मध्ये ‘स्कायरिम’ हा दुसरा फँटसी आरपीजी आला होता. तिथे एकदा पाहिलेल्या जागी नकाशावर बोट ठेवलं की पोचलं. त्या सवयीने लोक ‘ड्रॅगन्स डॉग्मा’त आले आणि रस्त्यावरच अडकले. इथे एका उडीत दुसरीकडे जायला फेरीस्टोन लागायचा, त्याची किंमत २०,००० सोन्याची नाणी, आणि सुरुवातीच्या क्वेस्टमधून, म्हणजे कामगिऱ्यांतून, हातात पडायचे काही शे. जायचं तेही जिथे पोर्टक्रिस्टल, म्हणजे पोचायची खूण असलेला स्फटिक, आहे तिथेच, आणि ते मोजकेच. त्यात भर म्हणजे लढाई नसतानाही पळालं की स्टॅमिना संपतो, आणि पिशवीत ओझं जास्त असलं तर पात्र अक्षरशः धापा टाकतं. २०१२ मध्ये ज्याने हे सोसलं त्याची चिडचिड मला पूर्ण मान्य आहे. तेच तेच वळण, त्याच वळणावर तेच दरोडेखोर, दहाव्या खेपेला कोणीही वैतागेल.

तुझ्या हातात येणार आहे ती डिस्क मात्र वेगळी आहे. ‘डार्क अरायझन’ ही वाढवलेली आवृत्ती एप्रिल २०१३ ची आणि तिचं पीएस४ रूप ऑक्टोबर २०१७ चं. त्यात कधीच न संपणारा फेरीस्टोन सुरुवातीलाच तुझ्या स्टोरेजमध्ये ठेवलेला असतो. म्हणजे २०१२ च्या सुमारास लिहिलेलं चालण्याबद्दलचं जवळपास प्रत्येक मत तुझ्यापुरतं निम्मं बाद. पूर्ण बाद नाही, कारण पोर्टक्रिस्टल हाती लागेपर्यंत पहिले दहा-बारा तास पायीच काढायचे असतात.

आणि ते पायीच काढ असं माझं सांगणं आहे. एक प्रसंग सांगतो. पहिल्यांदा खेळत होतो तेव्हा कॅसार्डिस या मच्छीमारांच्या गावातून राजधानी ग्रॅन सोरेनकडे निघायला उशीर झाला. वाटेत अंधार पडला. या गेममधली रात्र म्हणजे निळसर उजेडाची, सगळं नीट दिसणारी रात्र नव्हे. ती आपल्याकडे गावाबाहेर लाइट गेल्यावर होते तशी रात्र आहे. कमरेचा कंदील जेवढं दाखवेल तेवढंच दिसतं, आणि कंदिलातलं तेल संपत असतं. मी रस्ता सोडून जवळची वाट धरली, मध्ये पाणी आलं, कमरेएवढ्या पाण्यात उतरलो आणि कंदील विझला. पलीकडे चढलो तर दिवसा जी जागा मोकळी पाहिली होती तिथे आता जमिनीतून मुडदे उठत होते. समोर स्क्रीनवर जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, फक्त खरडल्यासारखे आवाज आणि बरोबरच्या मॅजच्या, म्हणजे मंत्र टाकणाऱ्या साथीदाराच्या, काठीचा उजेड. त्या उजेडाच्या मागे मागे पळत मी दिवस उगवेपर्यंत कसाबसा जिवंत राहिलो. त्यानंतर मी प्रत्येक वेळी निघण्याआधी तेल मोजत होतो, वेळ बघत होतो, ओझं कमी करत होतो. चार पैशांत मिळणाऱ्या तेलाच्या बाटलीला किंमत आहे असं वाटायला लावणारे गेम मी फार थोडे पाहिलेत. ते वाटतं, कारण अंतर खरं आहे. तक्रार करणारा ज्याला शिव्या देतो आणि कौतुक करणारा ज्याच्यावर जीव टाकतो, ती एकच गोष्ट आहे.

आता पॉन. अगदी थोडक्यात: सुरुवातीलाच ड्रॅगन येऊन तुझ्या पात्राचं काळीज उपटून नेतो, आणि तू ‘अरायझन’ होतोस. अरायझनच्या हुकमात राहणारी माणसासारखी मंडळी म्हणजे पॉन. एक मुख्य पॉन तू स्वतः घडवतोस, तो तुझ्याबरोबर लेव्हल वाढवतो. आणखी दोन भाड्याने घेतोस, ते इतर खेळाडूंनी घडवलेले असतात. इंटरनेट नसेल तर गेमचे स्वतःचे पॉन मिळतात. भाड्याच्यांची लेव्हल वाढत नाही, म्हणून ते अधूनमधून बदलावे लागतात. तुझ्याच लेव्हलचा किंवा खालचा पॉन फुकट, वरचा हवा असेल तर रिफ्ट क्रिस्टल, म्हणजे पॉनसाठीचं वेगळं चलन, मोजायचे.

‘डोकं खातात’ हे खरंच आहे. गॉब्लिन दिसला की तो आगीला घाबरतो, हे ते शंभराव्या वेळी सांगतात. लांडगे कळपाने येतात, हेही. पण ‘पॉन मूर्ख आहेत’ हे मत मी तपासल्याशिवाय कधीच मान्य करत नाही. याला कारण माझ्या धाकट्या भावाचा पॉन.

तो फायटर खेळत होता आणि बरोबरचा मुख्य पॉन मॅज. तो मॅज त्याला मरताना बघत उभा राहायचा, मंत्र टाकायचा ते शत्रूवर. भाऊ डिस्क परत द्यायला निघाला होता. मी पॉनचं पान उघडून बघितलं. स्वभावात पहिल्या क्रमांकावर ‘स्कॅदर’, म्हणजे समोरच्या सगळ्यात तगड्या शत्रूवर तुटून पडणारा, आणि ‘मेडिकंट’, म्हणजे जखमींकडे बघणारा, पार तळाला. या गेममध्ये पॉनचा स्वभाव आपणच घडवत असतो, आणि तो आपल्या नकळतही घडतो. लढाईत आपण कोणते हुकूम देतो त्यावरून तो बदलत जातो. भाऊ दर लढाईत ‘पुढे जा’चं बटण दाबत होता, आणि पॉन इमानेइतबारे पुढे जात होता. आम्ही ग्रॅन सोरेनच्या सराईत गेलो. तिथे कोपऱ्यात एक टेबल आणि दोन खुर्च्या असतात. पॉनला समोर बसवून त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, की स्वभाव वळतो. मेडिकंट वर आणला, ‘अनोडाइन’ हा जखम भरणारा मंत्र शिकवला, हल्ल्याचे दोन मंत्र काढून टाकले. पुढच्याच लढाईत रक्ताची पट्टी खाली गेली तसं पायाखाली हिरवं वर्तुळ उमटलं आणि भाऊ खुर्चीत ताठ बसला. आठ तासांत डिस्क विकणाऱ्यांपैकी किती जण त्या खुर्चीवर बसले असतील, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. ती खुर्ची आहे हे गेम नीट सांगत नाही. हा दोष गेमचाच, खेळणाऱ्याचा नाही. बडबड कमी करायची सोयही त्याच खुर्चीत आहे.

एका स्वभावापासून मात्र लांब राहा. ‘गार्डियन’ नाव ऐकायला छान वाटतं, पण तो पॉन तुझ्या शेपटीसारखा चिकटून राहतो आणि लढत नाही. सारखं सारखं जवळ बोलावत राहिलास तर पॉन तिकडे झुकतो.

आणि पॉन शिकतात, हे कौतुक करणारे सांगतात ते अगदी खरं आहे. सायक्लॉप्सशी वीस वेळा लढलेला पॉन त्याच्या डोळ्यावर नेम धरतो. सॉरियन नावाचे सरडे असतात, त्यांची शेपूट तोडायची असते हे अनुभवी पॉनला ठाऊक असतं. रात्री तू सराईत झोपलास की तुझा पॉन दुसऱ्या कोणाच्या तरी गेममध्ये काम करून परत येतो, तिथलं ज्ञान, कधी एखादी भेटवस्तू आणि त्या अनोळखी खेळाडूने दिलेले गुण घेऊन. समोरासमोर कोणीच खेळत नाही, आणि तरी एकटं वाटत नाही. मी हजारो किलोमीटर लांबच्या कोणाला तरी माझा मॅज उपयोगी पडला हे बघून खरोखर खूश झालेलो आहे.

मारामारीबद्दल फारसा वाद नाही. दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो ‘डेव्हिल मे क्राय’ मालिकेतून आलेले, त्यामुळे हाताला लागणारं वजन आणि बटणाला मिळणारा प्रतिसाद पहिल्या तासापासून कळतो. वेगळेपण आहे ते मोठ्या जनावरांवर चढण्यात. आर२ दाबून धरायचं, केस, पिसं, खवले धरून वर चढायचं, आणि चढलेलं असेपर्यंत स्टॅमिना गळत असतो. माझा पहिला ग्रिफिन मी स्ट्रायडर असताना मारला, दोन सुऱ्या घेऊन. मॅजने सुऱ्यांना आगीचं बळ दिलं होतं. पाठीवर चढलो आणि तो उडाला. खाली झाडं लहान व्हायला लागली, स्टॅमिनाची पट्टी पाव उरली. हात सोडला तर पडून मरणार, धरून ठेवला तर पट्टी संपून पडणार. पंखाच्या मुळाशी घाव घालत राहिलो, पंख पेटला, आणि एवढं मोठं जनावर माझ्यासकट खाली आदळलं. तिन्ही पॉन धावत आले. हे कोणी लिहून ठेवलेलं दृश्य नव्हतं. आगीने ग्रिफिनचे पंख पेटतात आणि पेटल्यावर त्याला उडता येत नाही, एवढाच नियम. बाकी सगळं त्या क्षणी जुळून आलं. ज्यांना असा एक प्रसंग मिळाला ते हा गेम आयुष्यभर विसरत नाहीत. ज्यांना मिळाला नाही त्यांच्याकडे रस्ता, दरोडेखोर आणि बडबड एवढंच उरतं.

असा प्रसंग मिळेल की नाही हे बरंचसं व्होकेशनवर ठरतं. एकूण ९ आहेत. फायटर, स्ट्रायडर, मॅज यांतून सुरुवात, मग लेव्हल १० पासून ग्रॅन सोरेनच्या सराईत बदलता येतं. वॉरियरकडे दोन हातांची प्रचंड तलवार, पण कौशल्यं एका वेळी फक्त ३ लावता येतात. ‘मारामारी एकसुरी आहे’ असं लिहिणारा वॉरियर निघाला तर त्याचं म्हणणं समजून घ्यायला हवं, पण त्यावरून निर्णय घेऊ नको. सॉर्सरर उल्का पाडतो, वादळं उठवतो, पण मंत्र पूर्ण होईपर्यंत उभं राहावं लागतं. पॉनही सॉर्सरर असेल आणि तोच मंत्र म्हणत असेल तर दोघांचा मंत्र जुळून लवकर पूर्ण होतो, ही माझ्या मते या गेममधली सगळ्यात सुंदर कल्पना आहे. मॅजिक आर्चरचे बाण स्वतःच नेम धरतात, गुहेत तर भिंतींवर आपटून सगळ्यांना झोडपतात. त्याच्यामुळे ‘गेम फारच सोपा आहे’ अशी मतं येतात. ‘कोणत्या लेव्हलपर्यंत कोणतं व्होकेशन ठेवलं की आकडे जास्तीत जास्त वाढतात’ याचे तक्ते लोक हिरिरीने सांगतात. पहिल्या खेपेला त्यांच्याकडे ढुंकूनही बघू नको. गेमला त्याची गरज नाही, आणि मन लागत नसलेल्या व्होकेशनमध्ये आकड्यांसाठी पन्नास लेव्हल काढणं म्हणजे स्वतःच्याच सुट्टीत ओव्हरटाइम करणं.

कथेबद्दलच्या तक्रारी बहुतांशी रास्त आहेत. सुरुवात जोरदार, मध्ये बराच काळ ती कुठे जाते कळत नाही, आणि शेवट इतका धीट की पुन्हा पहिल्यापासून खेळावंसं वाटतं. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की कोणाशी किती बोलतोस, कोणाकडून किती खरेदी करतोस, याची गेम नोंद ठेवतो, आणि योग्य वेळी ती समोर आणतो. अनेकांच्या बाबतीत त्या नोंदीवरून गेमने ठरवलेला ‘जिवलग’ शस्त्रं विकणारा दुकानदार निघाला, आणि त्यांनी त्याबद्दल भरपूर त्रागा केला आहे.

ग्राफिक्स २०१२ चे आहेत. पीएस३ वर स्क्रीनच्या वर-खाली काळ्या पट्ट्या होत्या आणि फ्रेम रेट अडखळायचा, पीएस४ वर ते गेलं. ३० फ्रेम आहेत, पण स्थिर.

दोन गोष्टींची मात्र आधीच कल्पना देऊन ठेवतो, कारण त्यांनी चांगल्या चांगल्या खेळाडूंची मनं मोडली आहेत. एक, सेव्ह एकच. दुसरं पात्र सुरू करायचं तर पहिलं पुसावं लागतं, त्यामुळे भावाबहिणींत एकच प्रोफाइल वापरत असाल तर आजच वेगळी करा. दोन, मुख्य कथा पुढे सरकली की काही क्वेस्ट न सांगता रद्द होतात. मुख्य क्वेस्ट हातात घेण्याआधी बाकीची उरकून टाक.

आणखी एका गटाची मतं वेगळी काढून ठेव: ‘डार्क सोल्स’ शोधत आलेल्यांची. तो गेमही ‘स्कायरिम’सारखा २०११ चाच, त्यामुळे तुलना पहिल्या दिवसापासून झाली. इथे एकेका शत्रूशी जपून, मोजून मापून लढायचं नसतं. इथे चार जणांची टोळी घेऊन हल्लकल्लोळ करायचा असतो. ‘अवघडपणात मजा नाही’ असं म्हणणारे बहुधा या गटातले. पण त्यांनाही ‘डार्क अरायझन’ने जोडलेलं बिटरब्लॅक आयल हे बेट आवडतं, आणि माझ्या मते तिथलं डिझाइन मूळ गेमपेक्षा घट्ट आहे. अरुंद जिने, वरून खाली उतरत जाणारे मजले, आणि मारलेल्या प्राण्यांच्या मांसाचा वास घेत येणारे त्याहून मोठे प्राणी. मध्येच हातात कंदील आणि विळा घेतलेला मृत्यू स्वतः येतो. पहिल्यांदा दिसला की पळायचं.

मार्च २०२४ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा हाच वाद जसाच्या तसा परत उभा राहिला. प्रवास कंटाळवाणा वाटत असेल तर गेमच कंटाळवाणा केलाय असा त्याचा अर्थ, असं इत्सुनो आधीच म्हणाले होते, आणि फेरीस्टोन पुन्हा दुर्मीळच ठेवले. मात्र पहिल्याच दिवशी वस्तू खऱ्या पैशांत विकायला ठेवलेल्या दिसल्या, त्यात पोर्टक्रिस्टलही होता. चालणं हाच गेमचा प्राण आहे म्हणायचं आणि चालणं टाळायची वस्तू विकायची, यावर लोक संतापले ते योग्यच होतं. तो भाग पीएस४ वर येत नाही, त्यामुळे तुला सध्या त्याची काळजी नाही. पण नेटवर मतं शोधशील तेव्हा तो संताप पहिल्या भागाच्या माथी मारलेलाही सापडेल, तेवढं तपासून घे.

तू लिहिलंयस त्यावरून सांगतो: स्ट्रायडरने सुरू कर, मुख्य पॉन मॅज ठेव, पात्राची उंची-वजन मध्यम ठेव, कारण हलक्याला ओझं उचलत नाही आणि जड्याचा स्टॅमिना लवकर भरत नाही. पोर्टक्रिस्टल मिळेपर्यंत पायी फिर, तेलाच्या दोन-तीन बाटल्या जवळ असू देत. सराईतली ती खुर्ची पहिल्याच मुक्कामात वापर. आणि कॅसार्डिसच्या धक्क्यावर रात्री ओल्रा नावाची बाई उभी दिसेल, ती तुला बिटरब्लॅकला न्यायला तयार असते, तू लेव्हल ८ चा असलास तरीही. तिला नमस्कार कर आणि पन्नाशीच्या आसपास पोचेपर्यंत परत फिर.